बोड्यांची नावं

भाताच्या रोवणीच्या दिवसांत, एका गुरुवारी दुपारी, माझी मुलगी अस्मिता वारली. घरात तिची आई होती आणि मी होतो. बाहेर पाऊस होता.

यंदा रोवणी पुन्हा सुरू झाली आहे. भंडाऱ्याहून करडीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलं की दोन्ही बाजूंना भातशेतांच्या बांध्या पाण्याने भरलेल्या दिसतात. लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर चिखल घुसळत फिरतात. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या पाण्यात फेकलेल्या असतात आणि डोक्यावरून मेणकापड घेतलेल्या बायका वाकून मागे मागे सरकत असतात. रोवणाऱ्या बाईला आपण कुठे चाललो ते दिसत नाही, जिथून आलो तेवढंच हिरवं होताना दिसतं. पूर्वी हे बघताना मला बरं वाटायचं. गेल्या वर्षीही हेच सगळं असंच होतं, तिला नेलं त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बायका रोवत होत्या आणि आमची गाडी जाईपर्यंत उभ्या राहून पुन्हा वाकल्या होत्या. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? पऱ्हे वाट बघत नाहीत. तरी ते वाकणं मला विसरता येत नाही.

मी भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. अस्मिता एकुलती. तिने भूगोल घेतला, मग संगणकावर नकाशे करायला शिकली आणि हैदराबादला नोकरीला लागली. तिथे तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. ती घरी परत आली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या आणि दवाखान्याची एक फाईल. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. उरलेले दिवस अंथरुणावर नुसतं पडून राहणं तिला जमेना, म्हणून तिने एका एजन्सीचं काम घेतलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाचा एक नकाशा करायचा होता, त्यात गावाचे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, दाखवायच्या होत्या, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार होता. एजन्सीने त्यासाठी लॅपटॉप दिला. तो आमच्या बैठकीतल्या टेबलावर आला आणि त्या पावसाळ्यात आमचं घर त्या टेबलाभोवती गोळा झालं.

काम कसं असतं ते तिने मला पहिल्या दिवशी दाखवलं. गाव निवडायचं. रस्त्यांचा, जंगलाचा, शेतांचा थर बंद करायचा, पाण्याचा सुरू करायचा. गाव कागदात नीट बसेल इतकं जवळ आणायचं. वरचं शीर्षक बदलायचं. चित्र साठवायचं. मग पुढचं गाव, आणि पुन्हा तेच.

"हे सारं तू एकेक करत बसणार?" मी विचारलं.

"एवढा जीव आहे का बाबा माझ्यात?" ती म्हणाली. "एकदा लिहून देतो त्याले, काय काय करायचं ते. मंग तो करते."

ती घरात आमच्याशी अशीच बोलायची. हैदराबादच्या लोकांशी फोनवर इंग्रजीत बोलून झालं की फोन ठेवता ठेवता तिची बोली परत यायची.

ते लिहिणं म्हणजे स्क्रिप्ट. पायथन नावाच्या भाषेत असते. मी भाषेचा माणूस, म्हणून विचारलं की तिला व्याकरण आहे का. "आहे, आणि तुमच्यापेक्षा कडक आहे," ती म्हणाली. "ओळ एक घर इकडची तिकडे सरकली तर पुढचं वाचतच नाही. तुम्ही निदान रागावून पुढं वाचत होते." लहानपणी तिच्या वह्या तपासताना मी रागवायचो, ते तिने असं काढलं.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली तो दिवस मला आठवतो. पडद्यावर एक गाव आलं, आपोआप मोठं झालं, भोवतालचं सगळं पुसलं गेलं, पाणी उरलं, शीर्षक बदललं, आणि ते गाव जाऊन दुसरं आलं. कोणी हात लावत नव्हतं. तिची आई दारात उभी राहून पाहत होती.

"हे आपल्या मनानं चालून राहिलं?"

"हो. आता मले इथं बसायची गरज नाही."

"मंग झोप ना जराशी," तिची आई म्हणाली.

आणि ती खरंच झोपली, तिथेच दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. मी खुर्ची ओढून बसलो. गावं येत होती आणि जात होती. अड्याळ आलं, तिथे माझं बालपण गेलं, आणि ते इतर कुठल्याही गावाइतकाच वेळ थांबून गेलं. यंत्राला एक गाव दुसऱ्यापेक्षा जवळचं नसतं. पुस्तकांच्या नोंदी करताना मलाही तसं व्हायचं, शेकडो कार्डं एका हाताने, एका अक्षरात, पण मधेच एखादं आवडीचं पुस्तक आलं की माझा हात थांबायचा. इथे काहीच थांबत नव्हतं. तिचा श्वास मात्र मी ऐकत होतो, तो थांबत थांबत येत होता.

संध्याकाळी नकाशे उघडून पाहिले तेव्हा चूक कळली. मिळालेल्या तक्त्यात मोठ्या तलावांना नावं होती, लहान बोड्यांच्या पुढचा रकाना रिकामा होता. रकाना रिकामा असेल तर 'नाव नाही' असं लिही, असं तिनेच स्क्रिप्टला सांगून ठेवलं होतं, रिकामी जागा तपासताना सापडावी म्हणून. स्क्रिप्टने आज्ञा पाळली. करडीच्या नकाशावर सहा निळे ठिपके आणि सहांवर ठळक अक्षरात 'नाव नाही'. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्यात तेच. जिल्हाभर पाणी पसरलेलं आणि कुठल्याच बोडीला नाव नाही.

एजन्सीने फोनवर सांगितलं की ते शब्द फक्त काढून टाका, ठिपके पुरेत. तिने हो म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, बोडीले नाव नसते का हो?"

असते. या भागात घर बांधायच्या आधी माणसांनी बोडी खणली. मग तिथून आमचं फोन करणं सुरू झालं. पहिला फोन करडीला, माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे अस्मिताच्या आत्याला.

"जयभीम आत्या. तुमच्या शाळेमागं बोडी आहे ना, तिचं नाव काय आहे?"

"शाळेमागची बोडी."

"आणि शाळा नव्हती तेव्हा?"

"शाळा नव्हती तेव्हा मी तरी होती का या गावात? तब्येत कशी आहे तुही? जेवतेस का?"

"जेवतो. नाव सांग."

आत्याने तिच्या सासऱ्यांना विचारलं. ते फार म्हातारे, कानाने कमी, पण फोन स्पीकरवर ठेवला की दोघं आपसातच भांडायची आणि आम्ही इकडे ऐकायचो. ते म्हणायचे मोहबोडी, ती म्हणायची मोहाचं झाड तर पलीकडच्या बोडीवर होतं. ते म्हणायचे, "तू नवी आहेस." तिला त्या गावात पन्नास वर्षं होत आली होती. चिचबोडी, गायबोडी, कुंभारबोडी अशी नावं येत गेली. एका बोडीचं नाव इतकं अचकट होतं की मी ते इथे लिहीत नाही.

"आत्या, हे नकाशावर टाकू?"

"काहून नाही? सारा गाव म्हणते."

"सरकारी नकाशा आहे आत्या."

"मंग बोडी काय सरकारनं खंदली?"

अस्मिता इतकी हसली की तिच्या आईने स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून विचारलं. तिला सांगता येईना, मलाही सांगता येईना. नाव तिने टाकलं. दुसऱ्या गावांनाही आम्ही असेच फोन करत गेलो.

करडीतली एक बोडी मात्र आमच्या लोकांच्या वस्तीजवळची होती. आत्याच्या सासऱ्यांनी तिचं जुनं नाव सांगितलं, सहज, इतर नावं सांगितली तसंच. त्या नावात आमची जात होती. दुसऱ्या पाण्याला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, म्हणून ते पाणी वेगळं आणि नावही वेगळं. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी तिला ते म्हणणं सोडलं. काठावर विहार झाला आणि ती विहाराची बोडी झाली. बाकी गावाला ते म्हणायला आणखी एक पिढी लागली. अस्मिताची बोटं कीबोर्डवर थांबली. मी म्हणालो, नवं लिही. ती म्हणाली, "नवंच लिहितो. पण बाबा, हे जर आपण लिहिलंच नसतं तर नुसता ठिपका राहिला असता. मंग जुनं काय आणि नवं काय." तिने 'विहाराची बोडी' लिहिलं आणि त्या गावाचा नकाशा पुन्हा काढून बघितला. मला तो तिने मोठा करून दाखवला. मी चष्मा पुसला.

त्या पावसाळ्यात तिला सगळ्यात जास्त त्रास तहानेचा होता. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. तिची आई स्टीलच्या लहान पेल्याने देई आणि देताना तिच्याकडे बघत नसे. बाहेर अंगणात पागोळ्या, गल्लीत पाणी, रेडिओवर वैनगंगेची पातळी, आणि ही ओठांवर बर्फाचा खडा फिरवत तलावांना निळा रंग देत बसलेली. एकदा तिने सगळ्या तलावांचा रंग बदलला. जरा मातकट, हिरवट केला. का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, आपले तलाव असेच असतात, वर कमळं आणि खाली गाळ. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या निळ्याकडे पाहून तहान लागून राहिली होती." स्क्रिप्टमध्ये रंगाची एक ओळ असते. ती एक ओळ बदलली की जिल्ह्यातलं सारं पाणी बदलतं.

नावं जमली तर ती नकाशात बसेनात. जिथे बोड्या जवळ जवळ, तिथे नावावर नाव चढायचं. आणि तिने मला एक गोष्ट सांगितली ती तेव्हा मला किरकोळ वाटली. नाव बसलं नाही तर तो प्रोग्रॅम तक्रार करत नाही. गाळून टाकतो आणि पुढे जातो. नकाशा बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून तिने नावं बाजूला सरकवून ठिपक्यापर्यंत बारीक रेघ ओढायची व्यवस्था लिहिली. तिला बरेच दिवस लागले. हात सुजलेले असायचे, टाईप करताना मधे मधे ती मुठी उघडझाप करायची. मी म्हणालो, एजन्सी नावं मागत नाही, कशाला जिवाला लावून घेतेस? तिने मान वर केली नाही. "दुसरं काय आहे माझ्यापाशी करायले?" एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिने पवनी तालुक्यातली काही गावं तपासली. जेवली नाही. दुपारी गेली.

महिनाभराने एजन्सीचा माणूस लॅपटॉप घ्यायला आला. तिच्या आईने तो पदराने पुसला, वायर गुंडाळून रबर लावलं आणि त्याच्या हातात दिला. नकाशांची छपाई शेवटी व्हायची होती, त्यामुळे आमच्याकडे कागदावर काही नव्हतं. नावं त्या लॅपटॉपमध्येच होती. मी त्या माणसाला म्हणालो, नकाशे झाले की त्यावर नावं राहू द्या. तो म्हणाला, हो काका, राहतील ना. आम्ही त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरं काही ठेवायला नव्हतं. वर्षभर मला एकच हवं होतं. नकाशे भिंतींवर लागावेत आणि त्यावर ती नावं असावीत. प्रार्थना मी करत नाही. पण ज्याला लोक प्रार्थना म्हणतात ते बहुधा असंच, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं असावं.

शोकाबद्दल मी बरंच वाचलं आहे. ग्रंथपालाला ते टळत नाही. पुस्तकांत शोकाला पायऱ्या असतात, चढाव-उतार असतात. माझ्या अनुभवात तसं काही नाही. सकाळ होते, दूध येतं, पेपर येतो, तिची आई भात टाकते, मी दारातल्या चपला सरळ करतो, दुपार होते. मग पुढचा दिवस. थर बंद, थर सुरू, साठवा, पुढे. हात कोणाचाच लागलेला नसतो. मी कोणाला सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नाही. तिची आई पूर्वी खूप बोलायची. आता ती फक्त विचारते. वरण वाढू का, दिवा लावू का, पाऊस थांबला का. पाणी पिताना ती अजूनही लहान पेला घेते. मी तो कपाटात मागे ठेवला होता. तिने काढून पुन्हा पुढे ठेवला.

या आठवड्यात बहिणीला भेटायला करडीला गेलो, तर ग्रामपंचायतीत नकाशा लागलेला. मी छत्री न मिटताच आत गेलो. चकचकीत कागद, सुबक चौकट, गावाचं नाव ठळक. पाणी मातकट हिरवट. तो रंग मी ओळखला. मग जवळ जाऊन पाहिलं. नावांच्या जागी आकडे होते. प्रत्येक बोडीला आकडा, आणि आकड्यापर्यंत आलेली बारीक रेघ.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात, हे नकाशे काढणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. नकाशे बघणाऱ्या मॅडम डबा खात होत्या. तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. डबा झाकून म्हणाल्या, "बसा ना काका." मी विचारलं, नावांचं काय झालं?

"नावं टाकली होती ना आधी. पण सॉफ्टवेअर नवीन आलं अन् मराठी अक्षरं तुटून राहिली होती. वेलांटी एकीकडं, अक्षर एकीकडं. मंग वरून सांगितलं, नंबर टाका."

"नावं कुठे आहेत?"

"जुन्या डेटा टेबलात होती. त्याच्यावरच नवीन टेबल बसवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे जुनं गेलं काका." त्यांनी जरा थांबून म्हटलं, "कोणी मागितलं नव्हतं ना."

"मी मागतो."

"आता कुठून देऊ?"

एजन्सीचं विचारलं, तर तिचं कंत्राट संपलं होतं, त्यांची यंत्रंही गेली होती. त्या बाईंचा काही दोष नव्हता. मला बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या, "पण स्क्रिप्ट जुनीच आहे बरं का. आधीच्या कोण्या मॅडमनं लिहिली होती, मस्त चालते. आम्ही फक्त लेबलची एक ओळ बदलली. दाखवू?"

त्यांनी चालवून दाखवली. गाव आलं, मोठं झालं, भोवतालचं पुसलं गेलं, पाणी उरलं, शीर्षक बदललं. पुढचं गाव. ज्या क्रमाने ती थर बंद करायची त्याच क्रमाने थर बंद होत होते. नावं बाजूला सरकवायला तिने जे लिहिलं होतं ते आता आकडे सरकवत होतं, तितक्याच काळजीने.

"कोण होत्या हो त्या मॅडम? तुम्ही ओळखता का?"

"माझी मुलगी."

"कुठं असतात आता?"

मी सांगितलं. त्यांनी स्क्रिप्ट थांबवली नाही, थांबवायचं त्यांना सुचलं नसावं. माउस हातात धरून त्या बसून राहिल्या आणि आमच्या दोघांच्या समोर गावं येत राहिली. निघताना त्या दारापर्यंत आल्या. पावसात काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

घरी आलो तर अस्मिताची आई पायरीवर तांदूळ निवडत होती.

"लागले का नकाशे?"

"लागले."

"नावं आहेत?"

मला खोटं बोलता आलं असतं. ती काही करडीला जाऊन बघणार नव्हती. पण तिने सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि वर्षभरात तिने असं पाहिलं नव्हतं. मी नाही म्हणालो. तिने सूप उचललं. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्याबाईले फोन करा. तिच्या सासऱ्याले सारे पाठ होते."

सासरे हिवाळ्यातच वारले, हे तिला माहीत होतं. मातीला आम्ही दोघं गेलो होतो. मी फोन केला नाही. तिनेही पुन्हा म्हटलं नाही. नंतर, हात न थांबवता, तिने एक नाव घेतलं. चिचबोडी. मी दुसरं सांगितलं. तिने आणखी एक सांगितलं, पण ते कोणत्या गावचं ते तिला सांगता येईना. सुपातले तांदूळ वाजत राहिले.

जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींत नकाशे लागले आहेत. काही नावं मला आठवतात, काही तिच्या आईला. दोघांची मिळून सगळी होत नाहीत.